भोंगा थांबला, घड्याळ चालू आहे

मैत्रिणींनो, सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादरी, शेंगांची चटणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवेल. मला मात्र आठवतो तो मिलचा भोंगा! १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि पुढे मिलच्या भोंग्यांवरच घराघरांतली कामं चालायची. पाळीचा डबा कधी भरायचा, ते भोंगा सांगे. मनगटी घड्याळ ही चैनच!

आमच्या अण्णांनी ती चैन १९७५च्या सुमारास केली. एच.एम.टी.चं ‘जनता’, रोज चावी द्यायचं.

अण्णा गेल्यावर वर्षाने, सिद्धेश्वर एक्सप्रेसने माहेरी गेले. कपाट आवरताना ते घड्याळ सापडलं, बंद पडलेलं. दादा म्हणाला, “मोडीत देऊन टाक.” इकडे लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला ह्यांनी मला चावीचं स्विस घड्याळ घ्यायचं मनावर घेतलेलं. किंमत लाखांत! एवढं त्यात असतं तरी काय, म्हणून नवी पेठेत घड्याळाच्या एका जुन्या दुकानात गेले.

तिथल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून अण्णांच्या घड्याळाचं झाकण उघडलं. “बघा ताई, चावी दिली की ही स्प्रिंग गुंडाळते आणि हळूहळू उलगडत चाकं फिरवते. हे छोटं चाक केसासारख्या स्प्रिंगवर झोके घेतं. सेकंदाला पाच टिकटिक, तासाला १८,०००! आस झिजू नयेत म्हणून आत १७ कृत्रिम माणकं बसवलीत.”

“आणि ते लाखाचं?”

“तत्त्व हेच. तिथे एकेक भाग हाताने घासून चमकवतात, वेळ पुन्हा पुन्हा तपासतात. पैसे त्या कारागिरीचे, आणि बरेचसे नावाचे.”

खरं सांगू? सेलवरचं स्वस्त घड्याळही याहून अचूक वेळ दाखवतं. पण चावीचं घड्याळ उघडता येतं, धुऊन, तेल घालून पुन्हा चालवता येतं. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला; अण्णांचं घड्याळ मात्र चार दिवसांत टिकटिकू लागलं. दादाने ते कानाला लावलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

ह्यांना फोन करून सांगितलं, “स्विस घड्याळ राहू द्या. मला माझं मिळालं.” पट्टा तेवढा लहान करून घेतला.

तुमच्याही कपाटात असं एखादं असेल तर एवढं करा. रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्या. फिरायची थांबली की जोर करू नका. कणीक मळताना, भांडी घासताना काढून ठेवा. चार-पाच वर्षांनी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. आणि मोडीत देण्याआधी एकदा चावी देऊन कानाला लावून बघा, बरं का!