पाळण्यातले पाय

बाळाच्या अंगावरचे पाच डाग मोजले आणि थांबले. सहावा डाग कमरेपाशी होता, दिसतही होता. पण मोजला तर तो खरा ठरेल, असं काहीतरी मनात आलं.

तेव्हापासून एक म्हण डोक्यातून जात नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. नारायण पेठेत ती मी कौतुकानंच ऐकत आले. कुणाच्या नातवाला शिष्यवृत्ती मिळाली की मोदी गणपतीच्या देवळात कुणीतरी म्हणणारच. पण पाळण्यात पाय बघतं कोण? आई तोंडाकडे बघते. आजी नाक कुणाचं, कान कुणाचे ते बघते. पाय बघते ती न्हाऊ घालणारी बाई.

आमच्या वाड्यात मावशी यायच्या. पाटावर बसून पाय लांब सोडायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायच्या आणि कोमट तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत न्यायच्या. बाळाची सगळी कातडी रोज उजेडात बघणारं माणूस घरात तेवढंच. डागाला त्या लासं म्हणायच्या. एखादं असलं तर मूल नशीबवान. एकदा मात्र शेजारच्या बाळाच्या पाठीवर त्यांचा हात मध्येच थांबला. बोलल्या काहीच नाहीत. घरातल्या सासूबाई नंतर सुनेला विचारत होत्या, ग्रहणात काय चिरलं होतंस? त्या सुनेचा चेहरा मला अजून आठवतो.

दुधाच्या चहासारखे, पाच मिलिमीटरहून मोठे, सहा किंवा जास्त डाग लहान मुलाच्या अंगावर असले, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसची शंका घ्यायची, असा निकष १९८७ पासून आहे. सुमारे तीन हजारांत एका मुलाला हा आजार असतो. दोष सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो, आणि जवळपास निम्म्या मुलांत तो नव्यानंच उद्भवलेला असतो. आईबापांपैकी कुणाकडूनही आलेला नसतो. ग्रहणाचा तर काहीच संबंध नाही. हे त्या सुनेला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

या आजारात काही बाळांची नडगी तान्हेपणीच वाकलेली दिसते. तिथे म्हण शब्दशः खरी. पण पुढे? नुसत्या डागांवर निदान पक्कं होत नाही. काखेतले बारीक ठिपके बहुतेकदा काही वर्षांनी उमटतात, बुबुळावरचे उंचवटे त्याहून उशिरा. तोवर दरवर्षी डोळे तपासायचे, कारण दृष्टीच्या नसेवर गाठ होऊ शकते. जनुकाची तपासणी लवकर उत्तर देऊ शकते, पण मुलाचं पुढे काय होईल ते तीही सहसा सांगत नाही. एकाच घरात बापाला नुसते डाग आणि मुलाला गाठी, असंही होतं.

मग या बाळाच्या आईला आज सांगायचं ते नेमकं काय? लवकर कळलं तर डोळे वाचू शकतील, हे खरं. तिच्या पुढच्या सगळ्या आंघोळी मोजण्यात जातील, हेही खरं. मावशींनी तेव्हा ओळखलं होतं का? ओळखून गप्प राहिल्या, की हात नुसताच थांबला होता? सुनेची दया आली असेल का? पूर्वी मला त्यांचं गप्प बसणं चूक वाटायचं. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही.

बाळ शनिवारी पुन्हा इथे येणार आहे. आंघोळ नऊला असते. त्या वेळी आमच्या खिडकीत उजेड चांगला असतो.