कपलरमध्ये कंजुषी नको!

बाबांचे हात हल्ली थरथरतात. पण मी असाइनमेंटवर गेले, की दुपारी एचओची ट्रेन (खऱ्या गाडीच्या १/८७) एकट्यानं चालवायची, हा त्यांचा हट्ट. मध्येच डबे सुटले, तर जोडणार कोण? म्हणून इंजिनापेक्षा जास्त डोकं मी कपलरवर खर्च केलंय!

जुन्या अमेरिकन डब्यांना प्लॅस्टिकचे ‘हॉर्न-हुक’ असतात. ते एकमेकांना बाजूला रेटतात. गाडी रिव्हर्स घेतली, की डबा रुळांखाली! ते सरळ काढून टाका. ऑरेगॉनमधल्या ‘केडी’चे (कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांची आद्याक्षरं!) कपलर धातूचे, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखे. रुळांमधल्या चुंबकावर गाडी थांबवून ताण जरा ढिला केला, की जोड हात न लावता सुटतो. आम्हाला आणखी काय हवं?

केडीचं पेटंट संपल्यावर तसेच दिसणारे प्लॅस्टिकचे कपलर आले. दिसायला सेम, खिशाला हलके. पण काहींची स्प्रिंगसुद्धा प्लॅस्टिकचीच पट्टी असते. ती पुढे मऊ पडते. सगळ्या डब्यांचं ओझं इंजिनामागच्या जोडावर येतं, म्हणून बजेट टाइट असेल, तर धातूचे पुढे लावा, प्लॅस्टिकचे शेपटाकडे.

आणि हो, उंची! एक कपलर वर, एक खाली असेल, तर महागडाही सुटणारच. रुळावर गेज ठेवून प्रत्येक डबा तपासायचा. खाली बसला असेल, तर डबा आणि चाकांच्या सांगाड्यामध्ये पातळ वॉशर.

आमचे बारा डबे झालेत. गेज आता बाबांच्या ताब्यात आहे, आणि माझे तीन डबे त्यांनी नापास केलेत.