तुपाची शाई

पूर्वी पंचांग हाताने लिहिले जाई आणि जोशीबुवा घरोघर तिथी सांगत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचे छापकाम पाहिले आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले.

खरी अडचण शाईची होती. छापील शाईत प्राण्यांची चरबी असते, असा लोकांचा समज. असा कागद देवघरात कोण ठेवणार? गणपतरावांचा उपाय गिऱ्हाईक ओळखणाऱ्या कारागिराचा होता: धर्मग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घातलेली शाई. (सुधारकाचा आव यात कुठेच नाही, हे विशेष.) पोथ्याही सुट्या, आडव्या पानांच्याच, वाचणाऱ्याच्या हाताची सवय मोडू नये म्हणून. वडिलांमागे छापखाना मुलाने चालवला.