गाडींत बसणार कोण ?

मनुष्यानें वाहन बाळगलें, कीं त्यास सजविण्याची हौस त्याच्या पाठीस लागते. पूर्वीं बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा पडत आणि पाठीवर रंगीत झुली चढत. हल्लीं त्याच हौसेनें जीपगाडी दोन इंच उंच होते, तिच्या तोंडाशीं जाड पोलादी बंपर बसतें आणि त्यावर विजेची विंच चढते. या हौसेशीं आमचें वैर नाहीं. परंतु ज्या मुलुखांत रस्ता ऋतूच्या मर्जीवर चालतो, तेथें हौसेचा हिशेब व गरजेचा हिशेब निराळे मांडावे लागतात, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

हा मुलूख म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली. १९८२ सालीं एकाचे दोन जिल्हे झाले. पण चिखलानें ती वांटणी अद्याप मानलेली नाहीं. वरोऱ्याकडील काळी माती पावसांत चाकांना अशी लपेटते, कीं टायराच्या खांचा दिसेनाशा होतात. मूल-सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्यांमधून वाट काढावी लागते. आलापल्लीच्या पुढें सागवानाचें रान लागलें, म्हणजे मुरूम, दगड आणि पावलोपावलीं आडवे येणारे नाले. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या काळीं पावसाळ्याचे कित्येक महिने तो भाग बाहेरच्या जगापासून तुटत असे. पुढें रस्ते झाले, पूल झाले. तरीहि २०१९ च्या पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी पुलावरून वाहिलें आणि भामरागडचा मार्ग पुनःपुन्हां बंद पडला.

आमची जीप जुनी आहे. आमचे मेहुणे एटापल्ली तालुक्यांत एका आश्रमशाळेवर शिक्षक असल्यामुळें पावसाळ्याचे चार महिने ती त्यांच्याकडे असते. पक्क्या रस्त्यापर्यंत रुग्णवाहिका येते. त्याच्या अलीकडील चार-सहा कोसांत रात्रीं-अपरात्रीं कोणास कळा लागल्या, कोणास पान लागलें, तर ही जीप निघते. यंदा तिची डागडुजी करण्याचें ठरलें, तेव्हां पुण्याहून आलेल्या आमच्या पुतण्यानें उत्साहानें एक यादीच पुढें ठेवली : उंच व कडक पाटे, मोठें पोलादी बंपर, त्यावर विंच. "काका, एकदां हें बसवलें कीं गाडी कुठेंच अडायची नाहीं," असें तो म्हणाला. आमच्या वृद्ध मिस्त्रींनीं यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलें, "तें सारें खरं, भाऊ, पण गाडींत बसणार कोण?"

हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. जीपचा भार एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांवर असतो. त्यांनाच ड्रायव्हर लोक पाटे म्हणतात. पाटे किती कडक असावेत, हें त्यांवर नित्य किती वजन पडणार यावरून ठरतें. मनुष्याच्या शरीरास मिनिटाला ६० ते ९० हेलकावे सुखानें सोसतात. भारी वजनासाठीं घडविलेल्या पाट्यांवर हलकी गाडी चालविली, म्हणजे ती याहून पुष्कळ जलद आदळूं लागते. धडधाकट मनुष्य तें हंसून नेतो. परंतु मागच्या बाकावर आसन्नप्रसव स्त्री असेल, किंवा मांडीचें हाड मोडलेला वृद्ध असेल, तर तोच धक्का त्याच्या जिवाशीं जातो.

उंचीविषयींहि एक भ्रम आहे. आमच्या जीपचे दोन्ही आंस अखंड आहेत. पाटे उंच केले तर सांगाडा वर जातो, आंस मात्र होता तेथेंच राहतो. दगडाला जें घासतें तें आंसाच्या मध्यावरील दांतेदार चाकांच्या पेटीचें बूड. तें वर उचललें जातें केवळ मोठ्या टायरानें. सांगाडा उंचावल्यानें नाल्यांत उतरतांना नाक टेकत नाहीं, हा लाभ खरा. पण गाडीचा गुरुत्वमध्य वर जाऊन उतारावर ती कलंडण्याचें भय वाढतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मूळ बनावटींत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. पादचाऱ्यांस इजा होते म्हणून, २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें गाड्यांच्या तोंडाशीं बसविलेल्या अनधिकृत पोलादी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविलें, हेंहि विसरून चालत नाहीं.

आतां रुतलेली गाडी काढण्याचा विचार. पुतण्याच्या यादींतील हीं दोन प्रकरणें वस्तुतः एकच आहेत. विजेची विंच व तिला पेलणारें बंपर मिळून ७०-८० किलोंचा बोजा गाडीच्या नाकावर पडतो; तो उचलावयास पुढील पाटे कडक करावे लागतात; आणि त्यांचा धक्का अखेर त्या मागच्या बाकावरील रुग्णास पोंचतो. शिवाय पुढें बसविलेली विंच पुढेंच ओढते. चिखलांत मात्र बहुधा मागेंच यावयाचें असतें.

म्हणून आम्हीं निराळी निवड केली. पाटे मूळ मापाचेच ठेवले, झिजलेला एक बदलला, आणि राहिलेला पैसा चांगल्या शॉकअबसॉर्बरांवर व मान्य मापाच्या खोल खांचांच्या टायरांवर घातला. विंचेऐवजीं, दांडा मागेंपुढें करून तार ओढणारें दीड टन शक्तीचें हातयंत्र घेतलें. भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढ हाताशीं असावी असा संकेत आहे. आमची गाडी भरून दोन टन होते. तार कप्पींतून परत आणली, कीं यंत्राचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. वेळ तेवढा दुप्पट लागतो. सोबत टोचनाचा मजबूत दोर, दोन शॅकल, फावडें, जॅक व त्याखालीं ठेवण्यास जाड फळी. वाळूंत टायरांतील हवा निम्म्यावर आणली, कीं चाकाचा तळवा रुंदावतो व पुष्कळदां दुसरा उपायच लागत नाहीं. यास्तव हवेचा पंपहि घेतला. झाडास तार गुंडाळूं नये म्हणून हातभर रुंदीचा नाही, तरी चार बोटें रुंद असा पट्टा आहे. तारेनें साल कापली जाते, आणि गांवाजवळचा मोह म्हणजे कोणाच्या तरी घरचें वर्षाचें उत्पन्न असतें. तार ताणली असतां तिच्यावर जाड पोतें टाकावें व माणसांना दूर उभें करावें. तुटलेली तार माणूस मारते.

पुतण्याचें समाधान झालें नाहीं. "आणि पूर आला तर ?" त्यानें विचारलें. पूर आला तर त्याच्या यादीचा उपयोग नाहीं, तसा आमच्याहि नाहीं. दीड-दोन फूट वाहतें पाणी जीप उचलून नेतें. तेथें गाडी अलीकडेच उभी करावी. अशा वेळीं गांवचीं माणसें रुग्णास खाटेवर घेतात, खांद्यांवर वाट चालतात, पाणी उतरण्याची वाट पाहतात. त्यांच्या चालींत जो सावकाशपणा असतो, तो खाटेवरच्या माणसाकडे पाहून आलेला असतो. कोणतेंहि वाहन निवडतांना तेवढें एक माप आपल्यापुढें असावें, असें आम्हांस वाटतें. जीप आतां एटापल्लीकडे गेली आहे. तिला पाहून कोणी वळून बघणार नाहीं. मागच्या बाकावर मात्र एक मनुष्य आडवा निजूं शकतो.