इंदूर–नागपूर, सरळ रेषेत

इंदूर ते नागपूर सरळ अंतर साधारण ३८० किलोमीटर. पण सरळ जातं कोण? वंदे भारतसुद्धा आधी उत्तरेला उज्जैनला जाते, मग भोपाळ-इटारसी करत दक्षिणेला वळते. आठ तास तरी धरायचेच. मध्ये नर्मदा आहे, सातपुडा आहे. विमानाला त्यांचं काही नाही.

मावशीचा फोन आला, आजी आयसीयूत होती. आई म्हणाली, "विमानाचं बघ." तिकिटावर तासाभराहून जास्त वेळ दिलेला. ताशी ८०० किलोमीटरने एवढं अंतर अर्ध्या तासात संपायला हवं की नाही? पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर थांबलं की संपतो; शिवाय चढताना-उतरताना तो वेग नसतोच. हे सगळं मी आईला समजावत होते आणि ती नुसती "हं" म्हणत होती. तिला एवढंच कळत होतं, की तेवढा वेळ फोन लागणार नाही.

नागपूरला पट्टा सोडायच्या आधीच तिने फोन लावला. मावशी म्हणाली, "ये लवकर. शुद्धीवर आहे. सारखं विचारतेय, इंदूरची गाडी आली का?"