रोहिणी आणि सातपुडा

खानदेशचा इतिहास शिकविताना एक प्रश्न आम्हांला दरवर्षी विचारला जातो : फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर, मग ते आज मध्य प्रदेशात कसे? १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला. पुढे सुभे, संस्थाने, इंग्रजी अंमल आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना यांतून आजची सीमा आकारास आली. परीक्षेपुरते एवढे उत्तर चालते. पण सातपुडा तोच राहिला. अलीकडे पावरा आणि पलीकडे बारेला म्हणविणारा समाज एकच आहे. त्यांच्या सोयरिकी सीमा विचारून जुळत नाहीत.

या डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळूचा जाड पट्टा आहे. भूजलतज्ज्ञ त्यास 'बझाडा' म्हणतात. डोंगरातून उतरणारे ओढे येथे येताच मुरतात आणि त्याच पाण्यावर रावेर, यावल, चोपड्याची केळी उभी आहे. उपसा इतका वाढला, की विहिरींची जागा खोल कूपनलिकांनी घेतली. म्हणूनच १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे दोन्ही राज्यांनी केलेला तापी महापुनर्भरण योजनेचा करार आम्हांला मोलाचा वाटतो. खारिया गुटीघाट येथे बंधारा, तेथून कालवे, आणि पुराचे पाणी या पट्ट्यात मुरविणे अशी ती योजना आहे. महाराष्ट्राच्या वाट्यास १९.३६ टीएमसी, मध्य प्रदेशाच्या वाट्यास ११.७६ टीएमसी पाणी यावयाचे आहे.

पाण्याची वाटणी झाली. परंतु वरच्या जंगलाचा कारभार दोन स्वतंत्र वनखात्यांकडेच आहे. यावल आणि अनेर धरण ही आपली दोन्ही अभयारण्ये सीमेलगत आहेत. अंजन-सागाचे उतार उघडे पडले, तर पुराबरोबर गाळ येईल आणि ज्या थरात पाणी मुरवावयाचे त्याचीच छिद्रे बुजतील. मग बंधाऱ्याचा उपयोग काय?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धास विरोध करून सुचविले : दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, त्यांनी तंटा सोडवावा. शाक्य संघाने बहुमताने ही सूचना फेटाळली. आपल्याकडे शाळाशाळांतून गृहत्याग शिकविला जातो, ही सूचना क्वचितच.

सातपुड्यासाठी असे पाच जण बसवावयाचे, तर त्यांत केवळ अधिकारी नकोत. अतिक्रमणाचा मुद्दा लगेच पुढे येईल, हे आम्ही जाणतो. जंगल तोडून नवी शेते काढली जातात, हे सत्य आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यालाही त्याच शब्दाने हाकलले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनसंरक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला असून तो दोन्ही राज्यांत लागू आहे. पावरा पाड्यांची आणि बारेला फाल्यांची ग्रामसभा एकत्र बसविणे दुर्घट नाही. ती माणसे लग्नकार्यात एका पंगतीस बसतातच. प्रत्येक बैठकीचा ठराव जळगाव, धुळे, बऱ्हाणपूर, खरगोन आणि बडवानी या पाचही जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा, तोही मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. तो लिहिण्यास आमचे माजी विद्यार्थी पुढे आले, तर कागद-शाई आम्ही पुरवू.