वात, वाट आणि वृत्त

कार्तिकातल्या संध्याकाळी आजी ओसरीवर पाय पसरून वाती वळायला बसायची. बोटांना चिमूटभर राख, तळहातात कापूस. एक पीळ पडला की वात तयार. पुढे लॅटिन शिकताना 'वेर्तेरे' हे क्रियापद भेटलं. अर्थ: वळवणं, फिरवणं. मला आधी तिचे तळहातच दिसले.

आपली वात संस्कृतातल्या 'वर्ति'ची लेक, पायाखालची वाट 'वर्त्मन्'ची. दोघींचं मूळ 'वृत्' या धातूत, आणि 'वृत्' नि 'वेर्तेरे' ही एकाच आदिम धातूची भावंडं. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं सांगितलं. त्या नात्याचा पुरावा आमच्या देव्हाऱ्यात रोज तेवत होता.

रोमन शेतकऱ्याच्या तोंडी हे क्रियापद मातीचं होतं. जमीन उलथायची ती याच शब्दानं. नांगराचं तास संपलं की बैल वळवायचे. त्या वळण्याला, त्या तासाला 'वेर्सुस' म्हणत, आणि कवितेच्या ओळीलाही 'वेर्सुस'च. काठाशी पोचून मागे वळते, ती ओळ. आपण 'वृत्त' म्हणतो तेही त्याच मुळाचं. दोन दूरच्या भाषांनी कवितेचं नाव एकाच धातूतून घडवावं, याचं मला अजून नवल वाटतं.

व्हर्जिलला हे नातं हाताच्या बोटांनी कळलेलं असावं. शेतीवरच्या त्याच्या 'जॉर्जिक्स' या काव्यात पहिली ओळ 'जमीन' या शब्दावर संपते आणि दुसरी 'वेर्तेरे'नं सुरू होते. जमीन उलथण्याची गोष्ट सांगता सांगता ओळच बांधापाशी वळते. वाचताना बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो.

गद्याला रोमन लोक 'प्रोसा' म्हणत. तेही याच क्रियापदाचं अपत्य: तोंड पुढे वळवलेलं, सरळ जाणारं बोलणं. मी गद्यच लिहिते. पण सरळ चालतानाही मन तासाच्या टोकाशी थबकतं आणि ओसरीकडे वळतं. आजी वाती वळताना ओव्या म्हणायची. ओवीचा चौथा चरण आखूड. तिथं तिचा आवाज वळायचा, आणि तळहातातली वातही तेव्हाच पुरी व्हायची.